क्लॅरिनेट तार पंचमावरच का उडी घेते?

कोथरूडमधल्या माझ्या ओळखीच्या एका तरुण संगीतकाराने बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बासून या चार सुषिर वाद्यांसाठी अठराव्या शतकातील युरोपीय धाटणीची एक छोटी रचना लिहिली. संगणकाने ती सफाईने वाजवून दाखवली. तालमीत मात्र क्लॅरिनेटवादक एकाच जागी पुन्हापुन्हा अडखळू लागला. तिथे 392 आणि 440 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे, दोन शेजारचे स्वर द्रुत लयीत आलटूनपालटून वाजवायचे होते. दोष वादकाच्या तयारीचा नव्हता, त्याचे मूळ नळीतल्या हवेच्या कंपनांत आहे.

विजेच्या वायरिंगसाठी वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा घ्यावा आणि त्याच्या काठावरून फुंकर घालावी. खालचे तोंड तळव्याने झाकताच सूर जवळपास एक सप्तक खाली उतरतो. उघड्या तोंडाशी हवेचा दाब बाहेरच्या दाबाशी बांधलेला असतो, तर बंद तोंडाशी तो सर्वाधिक वरखाली होतो. त्यामुळे दोन्हीकडे उघड्या नळीत अर्धी तरंगलांबी मावते आणि एकीकडे बंद असलेल्या नळीत केवळ पाव. पहिल्या नळीतून मूळ वारंवारतेच्या 1, 2, 3, 4 पटींचे स्वर निघतात, दुसरीतून 1, 3, 5 अशा विषम पटींचेच.

पाश्चात्त्य बासरी फुंकीच्या छिद्राशी उघडी असते, तर क्लॅरिनेटचे तोंड रीडमुळे, म्हणजे फुंकीने थरथरणाऱ्या वेताच्या पातळ पट्टीमुळे, बंद नळीसारखे वागते. दोन्हींची लांबी साधारण 66 सेंटिमीटर, तरी बासरीचा सर्वांत खालचा स्वर 262 हर्ट्झचा आणि क्लॅरिनेटचा 147 हर्ट्झचा. जोराने फुंकल्यावर बासरी षड्जावरून तार षड्जावर जाते. क्लॅरिनेटला दुप्पट वारंवारता उपलब्धच नसल्याने ते तिप्पटीवर, म्हणजे थेट तार पंचमावर पोचते. आता 147 ची तिप्पट 441, म्हणजे जवळपास 440. तालमीत नडलेला वरचा स्वर तो हाच. तो काढण्यासाठी जवळजवळ सगळी छिद्रे झाकून पूर्ण नळी वापरावी लागते, आणि त्याच्या शेजारचा 392 चा स्वर बहुतेक सगळी बोटे उचलून आखूड नळीतून काढायचा असतो. द्रुत लयीत ही अदलाबदल दर वेळी नेमकी साधणे फार अवघड.

ओबोलाही रीड आहे, मग तो तार षड्जावर कसा जातो? त्याची नळी आपल्या सनईसारखी शंकूच्या आकाराची आहे. शंकूत टोकापासून दूर जाताना तरंगाचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दाब आणि अंतर यांचा गुणाकार मात्र सरळ नळीतल्या तरंगासारखा वागतो, आणि टोकाशी अंतरच शून्य असल्याने तो गुणाकार तिथे शून्य होतो. गणिताच्या दृष्टीने ते उघडे तोंडच ठरते, म्हणून सम पटीही मिळतात.

नळीचा आकार इतका निर्णायक असताना चांदीच्या बासरीला दैवी गोडवा असतो, ही जाहिरात मला मुळीच पटत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी 1971 साली चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या एकाच घडणीच्या बासऱ्यांची चाचणी घेतली, तेव्हा न पाहता त्यांतला फरक श्रोत्यांना ओळखता आला नाही, वादकांनाही नाही.

संगीतकाराने अखेर ती जागा ओबोला दिली. क्लॅरिनेट आता तिथे 147 चा खालचा स्वर लांबवते, आणि त्या स्वरातली ठळक तिसरी पट ओबोच्या 440 ला खालून साथ देते.