विमा नसलेली गाडी दुसऱ्यांदा पकडली गेली तर?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार रस्त्यावर येणाऱ्या गाडीचा किमान थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) हवाच. नसेल तर कलम 196 लागतं. पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4,000, कैदेची मर्यादा तीच. हे दर 1 सप्टेंबर 2019 पासूनचे आहेत.

'पुन्हा' म्हणजे किती काळात? धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम 184 मध्ये तीन वर्षांची मुदत लिहिली आहे, 196 मध्ये मुदतच नाही. त्यामुळे जुन्या चलानाला वर्षं लोटली म्हणून निर्धास्त राहू नका. 'गाडी मी चालवतच नव्हतो' हेही चालत नाही, कारण विनाविमा गाडी दुसऱ्याच्या हाती देणाराही याच कलमात येतो.

घोळ बहुतेक दुचाकीवाल्यांचा होतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. इतकी वर्षं नूतनीकरणाची सवयच नसते, मग तारीख कधी उलटली ते चलान आल्यावरच कळतं.

चलान आलं की आधी पॉलिसीवरची तारीख-वेळ चलानावरच्या वेळेशी ताडून बघा. त्या क्षणी विमा चालू असेल तर ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, सोबत पॉलिसी आणि आरसीची प्रत जोडा. रस्त्यावर अडवल्यास डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली प्रत दाखवली तरी चालते. त्याच संध्याकाळी घाईने घेतलेली पॉलिसी मात्र दुपारचा गुन्हा पुसत नाही. मग दंड भरा किंवा कोर्टात बाजू मांडा.

बंद पडलेली पॉलिसी सुरू करायला आरसी, जुनी पॉलिसी आणि केवायसीसाठी पॅन किंवा आधार लागतं. नुसता थर्ड पार्टी घेत असाल तर गाडीची तपासणी सहसा होत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हरही हवं असेल तर होते. 90 दिवसांहून जास्त खंड पडला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

खरं तर चार हजार ही किरकोळ रक्कम आहे. विनाविमा गाडीने कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला विमा कंपनीकडे अर्ज द्या.