पोलिस नव्हते तेव्हा: मध्ययुगीन इंग्लंडमधला बंदोबस्त

मध्ययुगीन युरोप म्हटलं की अंधारकोठडी, फासावर लटकणारी माणसं आणि वाटेल तसा न्याय करणारे सरदार डोळ्यांसमोर येतात. यात तथ्य आहेच. पण तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात चोरी झाली, तर तिथे येणारा पगारी शिपाई कुणीच नव्हता. चोर पकडायचा तो गावानेच, आणि नाही पकडला तर दंडही गावानेच भरायचा. त्या काळच्या कायदा-सुव्यवस्थेचा सगळा डोलारा या दंडाच्या धाकावर उभा होता.

बारा वर्षांवरच्या मुलांना आणि पुरुषांना साधारण दहा-दहा जणांच्या गटात नाव नोंदवावं लागे. गटातल्या एकाने गुन्हा केला तर त्याला न्यायालयापुढे उभं करणं बाकीच्यांच्या अंगावर. तो पळाला तर सगळ्यांना भुर्दंड. शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, वर्षातून दोनदा फिरतीवर येऊन हे गट पुरे आहेत की नाहीत ते तपासत असे. उत्तरेकडच्या काही परगण्यांत ही पद्धत नव्हती, पण दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये ती चांगली रुजलेली होती.

गुन्हा दिसला की ओरडायचं, ही कायद्याने घातलेली सक्ती होती. आरोळी कानावर पडली की हातातलं काम टाकून, मिळेल ते हत्यार घेऊन पाठलागाला लागायचं. घरात बसून राहिलेल्याला दंड, आणि उगाच बोंब ठोकणाऱ्यालाही दंड.

समजा, सकाळी खंदकात प्रेत दिसलं. ज्याला ते पहिल्यांदा दिसलं त्याने आरोळी द्यायची आणि मग जामीनही द्यायचा, कारण त्याला पुढे न्यायाधीशांसमोर हजर व्हायचं असे. आसपासच्या चार गावांतले लोक जमत. कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा राजाचा अधिकारी, घोड्यावरून येईपर्यंत प्रेत हलवायचं नाही. तो आला की जखमांची लांबी-खोली मोजून कारकुनाकडून लिहून घ्यायचा. ज्या वस्तूने जीव गेला तिची किंमतही ठरवली जायची. गाडीखाली माणूस चिरडला तर गाडीच्या किमतीएवढी रक्कम राजाच्या खजिन्यात जमा. कोरोनरचं पद ११९४ साली निर्माण झालं तेच मुळी राजाच्या वाट्याचा पैसा बुडू नये म्हणून. मृताला न्याय मिळे तो ओघाने. (या पदाचा वंश आपल्यापर्यंतही पोचला. मुंबईत कोरोनर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होता, आणि शेरीफ हे मानाचं पद म्हणून त्यानंतरही राहिलं.)

१२८५ च्या विंचेस्टर कायद्याने या जुन्या रिवाजांना नेटकं रूप दिलं. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शहरांच्या वेशी बंद. उन्हाळाभर रात्रपहारा, शहराच्या दर वेशीवर सहा माणसं. अनोळखी माणूस रात्री सापडला तर सकाळपर्यंत अडकवून ठेवायचा. बाजारगावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दोनशे फुटांपर्यंतची झुडपं तोडायची, म्हणजे दरोडेखोरांना दबा धरायला जागा उरणार नाही. पंधरा ते साठ वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगायचं.

आरोपी हाती लागला तरी तो दोषी आहे हे ठरवायचं कसं? ११६६ पासून गावोगावचे पंच संशयितांची नावं सांगत, आणि मग दिव्य होई. हातपाय बांधून पाण्यात सोडायचं. बुडाला तर निर्दोष, तरंगला तर अपराधी. पाण्यातून सुटलेला माणूसही बदनाम असेल तर त्याला देश सोडावा लागे, म्हणजे देवापेक्षा शेजाऱ्यांच्या मताला वजन जास्त! १२१५ मध्ये रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. इंग्लंडमध्ये मग निकालही पंचांकडे, म्हणजे ज्युरीकडे, आला.

इथे कायद्याची खरी गंमत होते. बारा पेन्स किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी म्हणजे फाशी. ज्युरीत बसलेले लोक त्याच भागातले, आरोपीला ओळखणारे. मग चोरीच्या मालाची किंमत अकरा पेन्सवर येई आणि जीव वाचे. खटल्यांत निर्दोष सुटणाऱ्यांची संख्या मोठी होती. कडक कायदा आणि ढिला निकाल ही विसंगती आपल्याला खटकते. मला मात्र त्यात गावाचा शहाणपणा दिसतो, आणि थोडी लबाडीही.

फाशीपेक्षा पळून जाणाऱ्यांचीच संख्या जास्त. चर्चमध्ये शिरलेल्याला चाळीस दिवस कुणी हात लावू शकत नसे. त्या मुदतीत कोरोनरपुढे कबुली देऊन, सगळी मालमत्ता सोडून, ठरवून दिलेल्या बंदरावरून तो कायमचा देशाबाहेर जाऊ शके. जो न्यायालयात आलाच नाही, त्याला परगण्याच्या सभेत पुन्हापुन्हा पुकारून कायद्याबाहेरचा, म्हणजे कायद्याचं संरक्षण गमावलेला, ठरवलं जाई.

चौदाव्या शतकात ही जबाबदारी गावाकडून जमीनदारांकडे सरकली. १३४८ च्या प्लेगने मजूर इतके कमी झाले की मजुरी चढू लागली. १३५१ च्या कायद्याने ती जुन्या दरावर बांधली. १३६१ पासून परगण्यातले प्रतिष्ठित जमीनमालक शांतता-न्यायाधीश, म्हणजे स्थानिक गुन्ह्यांचा निवाडा करणारे, म्हणून बसू लागले आणि जास्त मजुरी मागणाऱ्यांना शिक्षा करणं हेही लवकरच त्यांच्या कामात आलं. गावकऱ्यांना स्वतःच्या ज्युरीत पळवाट होती, या नव्या साहेबांसमोर ती अरुंद झाली. १३८१ च्या शेतकरी उठावात लोकांनी न्यायालयाच्या नोंदी जाळल्या आणि मुख्य न्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश यांना सफक परगण्यात गाठून ठार मारलं. त्यांचं शीर तिथल्याच बरी सेंट एडमंड्स या गावच्या बाजारात टांगलं गेलं.