पारपटल : थर आणि रोपण

डोळ्याच्या रंगीत भागावर पुढून बसलेले पारदर्शक पटल म्हणजे पारपटल किंवा कॉर्निया. बोलण्यात त्यालाच बुबुळ म्हणतात. नेत्रदानात अख्खा डोळा दुसऱ्याला बसवतात हा समज अजूनही आढळतो. रोपण होते ते फक्त पारपटलाचे, आणि आता पुष्कळदा त्यातल्या बिघडलेल्या थरापुरतेच.

पारपटलाची मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात बाहेरून आत उपकला, बोमन पटल, स्ट्रोमा, डेसिमेट पटल आणि अंतःस्तर असे पाच थर असतात. उपकलेला खरचटले तर एक-दोन दिवसांत ती भरून येते. जखम बोमन पटलाच्या खाली गेली की व्रण राहतो. डोळ्यात ‘फूल पडले’ म्हणतात ते हेच. जाडीचा सुमारे नव्वद टक्के भाग स्ट्रोमाचा. त्यातले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू ठरावीक अंतराने रचलेले असतात, म्हणून प्रकाश विखुरल्याशिवाय आरपार जातो. 2013 मध्ये नेत्रतज्ज्ञ हरमिंदर दुआ यांनी डेसिमेट पटलाच्या लगत आणखी एक थर वर्णिला. त्याला स्वतंत्र मानावे की नाही यावर मतभेद आहेत.

सर्वांत महत्त्वाचा थर मात्र सर्वांत आतला. अंतःस्तरात षट्कोनी पेशींची एकच ओळ असते. प्रौढपणी दर चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार पेशी. स्ट्रोमात झिरपणारे पाणी त्या सतत बाहेर काढतात. मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही, शेजारच्या पेशी पसरून ती झाकतात. संख्या फारच घटली की पारपटल सुजते आणि धुरकट होते. फुक्स विकारात या पेशी वेळेआधीच घटत जातात. त्यात रुग्णाला सकाळी उठल्यावर जास्त अंधुक दिसते, कारण रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने पृष्ठभागावरून पाणी उडून जात नाही.

पहिले यशस्वी पारपटलरोपण एडुआर्ड झिर्म यांनी 1905 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे केले. त्यानंतर अनेक दशके पूर्ण जाडीची चकती काढून नवी शिवणे हाच मार्ग होता. केसाहून बारीक नायलॉनचे टाके, त्यामुळे येणारा तिरकस नंबर, नजर स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष, शिवाय शरीराने कलम नाकारण्याची धास्ती. आता शंकूसारख्या फुगलेल्या पारपटलात (केराटोकोनस) पुढचे थर बदलून रुग्णाचा स्वतःचा अंतःस्तर जपता येतो, त्यामुळे अंतःस्तर नाकारला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट फुक्स विकारात फक्त डेसिमेट पटल आणि अंतःस्तर बदलतात. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी रूढ केलेल्या या डीमेक शस्त्रक्रियेत सुटे केलेले पटल आपोआप गुंडाळले जाते, पेशींची बाजू बाहेर ठेवून. दिसावे म्हणून ते निळे रंगवतात, छोट्या छेदातून आत सोडतात, बाहेरून हलके टिचकवत उलगडतात आणि खालून हवेचा बुडबुडा भरून जागी दाबून धरतात. बुडबुडा वर राहावा म्हणून रुग्णाने उताणे पडून राहायचे. सरळ-उलटे ओळखण्यात गफलत झाली तर कलम चालत नाही.

मृत्यूनंतर डोळे सहा तासांच्या आत काढून घ्यावेत, असा आग्रह असतो तो प्रामुख्याने या अंतःस्तरासाठीच. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी नेत्रदान करता येते. पेशी पुरेशा असतील तर एकाच पारपटलाचे पुढचे आणि मागचे थर दोन रुग्णांना देता येतात. क्योटोच्या शिगेरू किनोशिता यांच्या गटाने तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंतःस्तराच्या पेशी सुईने डोळ्यात सोडल्या आणि 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पेशी पारपटलावर बसाव्यात म्हणून रुग्णांना तीन तास पालथे झोपवले होते.