दातेरी धार आणि साधी धार (खिशातला चाकू)

खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूला धार दोन प्रकारची असते. साधी धार म्हणजे टोकापासून मुठीपर्यंत सलग, जिला सगळे प्लेन एज म्हणतात, आणि दातेरी म्हणजे सेरेटेड, जिच्यात धारेच्या रेषेत ओळीने गोलसर खाचा पाडलेल्या असतात आणि दोन खाचांच्या मधे एकेक टोक उरतं. तिसरा प्रकार या दोघांचा जोड, अर्धं पातं साधं आणि अर्धं दातेरी, त्याला कॉम्बो म्हणतात. करवत वेगळी, तिच्याशी गल्लत करू नये. करवतीचे दाते एकाआड एक डावीउजवीकडे वळवलेले असतात आणि भुसा काढत पुढे जातात, दातेरी चाकू भुसा काढत नाही, तो कापतोच, फक्त त्याची कापणारी कड वाकडीतिकडी असते.

दात्यांचा उगम कुठला यावर पुरातत्त्वात बरंच लिहिलं गेलंय आणि सगळं एकमेकांशी जुळत नाही. दगडी अवजारांत दातेरी कड फार जुनी. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ फ्रान्स्वा बोर्द यांनी मध्य पुराश्मयुगातल्या मूस्तेरियन अवजारांचे जे गट पाडले त्यातला एक गट दातेरी अवजारांवरूनच ओळखला जातो. पण ते दाते माणसाने मुद्दाम पाडले की नंतर आपोआप पडले हा खरा प्रश्न आहे, कारण दगडाचं पातळ छिलकं जमिनीवर पडून राहिलं आणि त्यावरून माणसं-जनावरं चालत राहिली की कडेचे टवके उडतात आणि दिसायला अगदी तशाच खाचा तयार होतात, हे तुडवण्याचे प्रयोग करून दाखवलं गेलंय. म्हणून एखाददुसरी खाच दिसली की ते छिलकं दातेरी सुरीत मोजायचं ही जुनी सवय आता मागे पडतेय आणि ते बरंच म्हणायला हवं. नवाश्मयुगात मात्र पुरावा भक्कम होतो. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या यार्मूकियन संस्कृतीत, साधारण इ. स. पू. ६४०० पासून पुढच्या काळात, विळ्यात बसवायच्या चकमकीच्या पात्यांना खोल आणि बऱ्यापैकी एकसारखे दाते पाडलेले सापडतात, आणि एवढी नियमित ओळ पायाखाली तुडवून होत नाही. धान्याची ताटं म्हणजे चिवट, पोकळ, धारेखालून निसटणारा माल, आणि दातेरी धार आजही अशाच मालावर सरस ठरते, त्यामुळे हे दाते कापणीसाठीच होते हे मत जास्त पटतं.

धातूच्या सुरीत दात्यांना मोठा बाजार मिळाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, आणि तोही पावाच्या सुरीच्या रूपाने. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जर्मनीतल्या एस्लिंगेनच्या फ्रीडरिश डिक कंपनीची अशी सुरी मांडलेली होती, अमेरिकेत सिरॅक्यूजच्या जोसेफ बर्न्स यांनी पुढे वेगळ्या प्रकारच्या दातेरी सुरीचं पेटंट घेतलं. पहिला मान कुणाचा हे नक्की सांगता येत नाही, पण प्रदर्शनात मांडण्याजोगा तयार माल होता म्हणजे कल्पना त्याच्या आधीपासून कारखान्यांत फिरत असणार, एकाच माणसाला श्रेय द्यावं अशी ही गोष्ट दिसत नाही.

घडीच्या चाकूत दाते त्यामानाने फार उशिरा आले. घडीचा चाकू स्वतः जुना आहे, ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथला नमुना साधारण इ. स. पू. ६०० ते ५०० चा धरतात, आणि तिथपासून विसाव्या शतकापर्यंत खिशातल्या चाकूची धार म्हणजे साधी धार हेच समीकरण होतं. फ्रान्समधला १८९० च्या सुमाराचा ओपिनेल घ्या, जपानी हिगोनोकामी घ्या किंवा स्विस सैनिकांचा १८९० च्या मॉडेलचा चाकू घ्या, सगळे बिनदात्यांचे. बदल घडवला तो अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या स्पायडर्कोने, हे बहुतेक सगळे मान्य करतात. सॅल ग्लेसर यांच्या या कंपनीने १९८१ मध्ये वर्कर नावाचा चाकू आणला, त्याला खिशाला अडकवायची क्लिप आणि एका हाताने उघडायला पात्यात गोल भोक होतं, आणि लगोलग, १९८१-८२ च्या आसपास म्हणता येईल, दातेरी पाती निघाली. त्यांची रचना एक रुंद खाच आणि दोन अरुंद अशी आळीपाळीने येते आणि पुढे अनेकांनी तिच्या जवळपास जाणारे नमुने काढले. स्विस सैन्याने १९०८, १९५१ आणि १९६१ च्या मॉडेलांतही साधीच धार ठेवली होती, २००८ च्या मॉडेलला मात्र पात्याच्या काही भागात दाते आले.

आता मुख्य मुद्दा, दाते कापतात कसे. यावर लोक हिरीरीने भांडतात पण यांत्रिकी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. चाकू दोन तऱ्हांनी कापतो, सरळ दाबून किंवा ओढून. दाबून कापताना सगळा जोर खाली जातो, ओढून कापताना पातं खाली जाता जाता आडवंही सरकतं आणि त्याने खालचा जोर आश्चर्य वाटावं इतका कमी लागतो. रेडिंग विद्यापीठातल्या टोनी अ‍ॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं, त्यात घर्षण सोडून दिलं तर आडवा वेग खालच्या वेगाइतका असताना खालचा जोर निम्म्यावर येतो, तिप्पट असताना दहाव्या भागावर. हे गणित साध्या धारेलाही लागू आहे, हे लक्षात ठेवायला हवं, कारण दातेरी चाकू लोक आपसूक ओढूनच वापरतात आणि साधा चाकू दाबून, मग तुलना धारेची न राहता हाताच्या सवयीची होते.

दात्यांचा स्वतःचा वाटा तीन गोष्टींत. पहिली, टोकं. तोच जोर थोड्याच बिंदूंवर पडतो म्हणून दाब वाढतो आणि गुळगुळीत, चिवट पृष्ठभागात, उदाहरणार्थ नायलॉनच्या पट्ट्यात किंवा ओल्या दोरात, पहिला शिरकाव लगेच होतो, साधी धार जरा बोथटली की तिथे नुसती घसरत राहते. दुसरी, खाच. टोकाने आत घेतलेला धागा खाचेत अडकतो, त्याला बाजूला पळता येत नाही आणि खाचेची वळलेली कड त्याला तिरकी भेटते, म्हणजे पातं सरळ ओढलं तरी धाग्यावर तिरका काप बसतो. तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही आणि माझ्या मते तीच सर्वात महत्त्वाची, ती म्हणजे कोन. चाकूच्या दातेरी खाचा बहुधा एकाच बाजूने घासलेल्या असतात, दुसरी बाजू जवळपास सपाट. साधी धार दोन्ही बाजूंनी वीस-वीस अंशांची असेल तर एकूण चाळीस अंशांची पाचर झाली, खाचेत मात्र एकाच बाजूचा कोन उरतो आणि कड बरीच बारीक राहते. म्हणजे दात्यांची म्हणून जी कमाल सांगतात तिच्यातला मोठा भाग निव्वळ पातळपणाचा आहे, आणि साधी धार तेवढी पातळ घासली तर तीही पुष्कळ जवळ येते.

खाचांमुळे तेवढ्याच लांबीच्या पात्यात धार जास्त बसते हा दावाही नेहमी ऐकू येतो. तो खोटा नाही पण फुगवलेला असतो. खाच पूर्ण अर्धवर्तुळाची असती तर कड ५७ टक्के वाढली असती, पण एवढ्या खोल खाचा चाकूला कुणी पाडत नाही, खाचेची खोली रुंदीच्या पाव भाग धरली तर वाढ येते साधारण १६ टक्के. स्पायडर्को आपल्या रचनेसाठी २४ टक्क्यांपर्यंत सांगते, तो आकडा भूमितीत बसतो. त्याहून मोठे आकडे दिसले तर विश्वास ठेवू नये.

धार टिकण्याच्या बाबतीत दातेरीचं पारडं जड, आणि कारण सोपं आहे, कठीण पृष्ठभागावर आपटतात ती टोकं, खाचांच्या आतली कड आपटतच नाही. टोकं गोल झाली तरी खाचा कापत राहतात, म्हणून महिनोन्‌महिने धार न लावलेला दातेरी चाकू अजून दोर कापतो आणि तसाच राहिलेला साधा चाकू हात टेकतो. धार मोजायची प्रमाणित पद्धत आयएसओ ८४४२-५ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे, शेफील्डच्या काट्रा या संस्थेची यंत्रं त्यासाठी वापरतात, त्यात वाळूचा अंश घातलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर ५० न्यूटन जोर देऊन पातं पुढेमागे ६० फेऱ्या चालवतात आणि किती कागद कापला ते मोजतात. चाचणी चांगली आहे पण ती पूर्णपणे ओढकापाची आहे, दाबून कापायचं किंवा लाकूड सोलायचं काम ती मोजत नाही, तेव्हा त्या आकड्यांवरून कुठली धार सगळ्यात भारी असा निकाल देणं घाईचं होईल. खाऱ्या पाण्यात न गंजणाऱ्या एच-१ पोलादाबद्दल असंही म्हणतात की दाते घासतानाच कड जास्त कठीण होते, पण या पोलादाला कठीणपणा मुख्यतः थंड अवस्थेत लाटल्यामुळे येतो हे धातुशास्त्राचं स्पष्टीकरण जास्त ग्राह्य वाटतं, आणि दातेरी एच-१ चांगलं टिकतं त्याला खाचांची भूमितीच पुरेशी आहे.

धार लावायची वेळ आली की चित्र उलटतं. साधी धार कुठल्याही सपाट दगडावर लागते, अगदी घाई असेल तर चिनी मातीच्या कपाच्या खालच्या खरबरीत कडेवरही चालते. दातेरीला निमुळती हिऱ्याची कांडी लागते किंवा तिकोनी सिरॅमिक कांडीचा कोपरा, एकेक खाच वेगळी घासायची, तीही फक्त घासलेल्या बाजूने, आणि मग सपाट बाजूवर आलेला बर, म्हणजे घासताना कडेवर उठलेली धातूची बारीक कोर, अगदी आडव्या हाताने एकदोनदा पुसून काढायचा. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं की सपाट बाजूही कोन देऊन घासतात आणि चारपाच वेळात टोकं बुटकी होऊन दातेरी पात्याची नुसती लाटांची रेघ उरते. अर्थात हळूहळू झिजून लाट उरलेलं पातंही चांगलं कापतं, काहींना तर तेच आवडतं.

साध्या धारेतही एक मधला मार्ग आहे आणि तो फार दुर्लक्षित आहे. धार किती बारीक दगडावर संपवली यावर तिचा स्वभाव ठरतो. ४०० ग्रिटच्या आसपास (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा, तो जितका मोठा तितका दगड बारीक) थांबलं तर कडेवर डोळ्याला न दिसणारे बारीक दाते राहतात, अशी धार दोर, पुठ्ठा, पट्टा ओढून मस्त कापते. तीच धार पुढे बारीक दगडावर आणि चामड्यावर चकचकीत केली तर ती दाबकामाला उत्तम होते, लाकूड तासायला, कागद सरळ चिरायला, पण दोरावर घसरायला लागते. दातेरी घ्यावा का असा विचार करणाऱ्याने आधी आपल्या साध्या चाकूला खरबरीत दगडावर धार लावून बघावी, अर्ध्याअधिक वेळा दात्यांची गरजच संपते.

मालाप्रमाणे बघायचं तर दोर, जाळी, गाडीचा सीटबेल्ट, ओलं किंवा तंतूमय काहीही, तिथे दातेरी, त्यातही होडीवर किंवा बचावकामात जिथे धार लावत बसायला वेळ नाही आणि कापणं एकदाच पण नक्की व्हायला हवं तिथे तर निःसंशय दातेरी, शिवाय बोथट टोकाचं पातं, म्हणजे पट्ट्याखाली माणूस असेल तर त्याला टोचत नाही. लाकूड कोरणं, साल काढणं, बारीकसारीक कामं, फळ सोलणं, पार्सलची चिकटपट्टी चिरणं, जिथे कापलेली बाजू साफ यायला हवी किंवा पातं कुठे थांबवायचं यावर ताबा हवा, तिथे साधी. दातेरी पातं कापड आणि पुठ्ठा फाटल्यासारखं कापतं आणि पातळ कागदात अडकतं. एकच चाकू बाळगायचा असेल आणि माणूस महिन्यातून एकदा दगड हातात घेणारा असेल तर साधी धार घ्यावी, धार कधीच लावणार नसेल तर पूर्ण दातेरी प्रामाणिकपणे जास्त उपयोगी पडेल.

कॉम्बो हा १९९० च्या दशकात फार खपलेला प्रकार, आणि वरवर पाहता दोन्हींचा फायदा मिळतो असं वाटतं. अडचण लांबीची आहे. पातं पाऊण वीतभर असेल तर ठीक, पण ७५ मिलिमीटरच्या पात्यात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३७ मिलिमीटर येतात, आणि ओढून कापायला लांबी लागते तीच नेमकी दोन्हींकडे कमी पडते. त्यात दाते बहुतेक वेळा मुठीजवळ देतात, म्हणजे लाकूड तासताना जिथे सगळ्यात जास्त जोर देता येतो ती जागाच गेली. म्हणून काहींनी उलटी मांडणी केली, दाते टोकाकडे आणि साधी धार मुठीकडे, ती जास्त शहाणपणाची वाटते. तरीही कॉम्बोवर समाधानी असलेले लोक पुष्कळ आहेत आणि त्यांचं काम मुख्यतः दोर-पॅकिंगचं असेल तर ते चूक नाहीत.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट बघून घ्यावी. दाते एकाच बाजूने घासलेले असल्यामुळे पातं जाड मालात सरळ जात नाही, ते सपाट बाजूकडे सरकतं. उजव्या हाताने धरलेल्या, धार खाली असलेल्या चाकूची घासलेली बाजू उजवीकडे असेल तर काप डावीकडे वळतो. तोच चाकू डाव्या हातात धरला तरी काप डावीकडेच वळतो, म्हणजे त्या हाताच्या हिशेबाने उलट्या बाजूला. दोरावर फरक कळत नाही, जाड फोमवर किंवा पुठ्ठ्यावर लगेच कळतो. साध्या धारेला दोन्ही बाजू सारख्याच घासलेल्या असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.