गोजी बेरीचा रस

गोजी बेरीचा रस : लायसियम बार्बारम व लायसियम चायनेन्से या काटेरी झुडपांच्या शेंदरी-लाल फळांपासून काढलेले पेय. ही झुडपे सोलॅनेसी कुळातली. वांगी, टोमॅटो, मिरची आणि शेताच्या बांधावर उगवणारी कामोणी त्यांच्याच गोतातली. फळाचे चिनी नाव गौची. त्याचे ‘गोजी’ हे रूप पाश्चात्त्य बाजारात रुळले. इंग्रजीतले जुने नाव वुल्फबेरी. बाटलीवर बहुधा हिमालयाचे चित्र असते, पण बाजारातले बहुतेक फळ वायव्य चीनमधून येते आणि त्यातही निंगशिया प्रदेशातला, पीत नदीकाठचा चोंगनिंग परगणा त्यासाठी प्रसिद्ध आहे. लडाखमध्ये लायसियमची झुडपे रानात आढळतात.

खुद्द चीनमध्ये बाटलीबंद रसाचे प्रस्थ अलीकडचे आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या वापरात आहे ते वाळवलेले फळ : सुपात, तांदळाच्या पेजेत, मद्यात मुरवून किंवा नुसते गरम पाण्यात. शेननोंग या दंतकथेतील चिनी सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन औषधी ग्रंथात त्याची नोंद असून यकृत, मूत्रपिंड आणि डोळे यांसाठी पारंपरिक वैद्य ते देत आले. 2017 मध्ये ‘ब्लॅक पँथर’ या चिनी रॉक बँडच्या ड्रमवादकाचे हातात थर्मास घेतलेले छायाचित्र पसरले, तेव्हापासून ‘थर्मासमध्ये गोजी’ हा तिकडे चाळिशी-पन्नाशी गाठल्याचा विनोदच झाला.

पिकलेले फळ फार नाजूक असते. हाताने तोडावे लागते आणि दाबले गेले की काळे पडते. म्हणून बहुतेक पीक वाळवले जाते. रस दोन तऱ्हांनी बनतो. ताजी फळे गरासकट वाटून, गाळून, उष्णतेने निर्जंतुक करणे ही एक. अर्क किंवा घट्ट रस पाण्यात मिसळणे ही दुसरी. स्वस्त बाटल्यांत सफरचंदाचा वा द्राक्षाचा रसच जास्त असू शकतो, त्यामुळे ‘गोजी रस’ या नावाखाली नेमके काय विकले जाते हे घटकांची यादी वाचल्याशिवाय कळत नाही. पोषणाचे आकडेही बहुतेक वेळा वाळक्या फळाचे असतात आणि छापले जातात रसाच्या जाहिरातीत.

100 ग्रॅम वाळक्या फळात सुमारे 350 किलोकॅलरी, 14 ग्रॅम प्रथिने, 13 ग्रॅम तंतू, 45 ग्रॅम साखर आणि 7 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. रस गाळताना तंतूंचा मोठा भाग चोथ्यात राहतो. साखर मात्र ग्लासात उतरते. ‘संत्र्याच्या 500 पट क जीवनसत्त्व’ हा दावा तर साध्या हिशेबातच कोसळतो : वाळक्या गोजीत 100 ग्रॅमला सुमारे 48 मिलिग्रॅम, संत्र्यात जवळपास तेवढेच, आणि पेरूत 200 च्या वर.

गोजीचे खरे वैशिष्ट्य तिच्या लाल रंगात आहे. हा रंग मुख्यतः झिअ‍ॅझँथिन या कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्याचा, आणि हेच द्रव्य डोळ्याच्या पडद्यावरील पीतबिंदूत, म्हणजे बारीक तपशील टिपणाऱ्या मध्यभागात, साठते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 45 ते 65 वयाच्या निरोगी व्यक्तींना आठवड्यातून पाच वेळा 28 ग्रॅम, म्हणजे मूठभर वाळकी गोजी दिली. 90 दिवसांनी पीतबिंदूतील रंगद्रव्याची घनता वाढलेली दिसली. अभ्यास छोटा होता, आणि दिलेले होते फळ, रस नव्हे. झिअ‍ॅझँथिन स्निग्धात विरघळते, पाण्यात नाही. ते गराला धरून राहते, म्हणून नितळ गाळलेल्या रसापेक्षा तळाशी साका बसलेला रस बरा; तो हलवून, जेवणासोबत घेतलेला आणखी बरा. फळ गरम दुधात घोटून दिले असता गरम पाण्याच्या तुलनेत सुमारे तिप्पट झिअ‍ॅझँथिन शोषले गेल्याचेही एका प्रयोगात आढळले आहे.

फळातील बहुशर्करा (पॉलिसॅकराइड) प्रतिकारशक्ती वाढवतात, रक्तशर्करा उतरवतात, अर्बुदे रोखतात, असे म्हणण्याचा आधार प्रामुख्याने प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदीर हा आहे. रस प्याल्याने उत्साह व झोप सुधारल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष रस विकणाऱ्या कंपनीशी संबंधित संशोधकांचे, मोजक्या व्यक्तींवरचे आणि दोनच आठवड्यांचे होते. कर्करोग बरा होण्याची भाषा ही निव्वळ विक्रेत्यांची. गोजी खाऊन 256 वर्षे जगला म्हणून सांगितला जाणारा, 1933 मध्ये वारलेला चिनी वनौषधीविक्रेता ली चिंग-युन हाही त्याच जाहिरातींतला मोहरा.

धोका मात्र रुग्णालयात नोंदला गेलेला आहे. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्या 61 वर्षांच्या एका चिनी महिलेने गोजीचा काढा सुरू केला आणि तिचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप; तो जितका जास्त, तितका रक्तस्रावाचा धोका जास्त) 4.1 वर गेला. काढा थांबवल्यावर तो खाली आला. ही नोंद 2001 ची. पुढे रस पिणाऱ्या रुग्णातही असाच प्रकार दिसला. त्यामुळे वॉरफरिन चालू असताना हा रस टाळतात. मधुमेहींनी साखर मोजावी, आणि सोलॅनेसी कुळातील भाज्यांची किंवा पीच फळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पहिला घोट जपून घ्यावा.