कामाची परिस्थिती आणि नोकरी सोडण्याचा इरादा

कामाच्या परिस्थितीत पगार आणि बसायची जागा येतेच, पण पाळ्या, कामाचा बोजा, वरिष्ठांची वागणूक आणि आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, हेही येते. यातले काही बिघडले की राजीनामा लगेच पडत नाही. अभ्यासक विल्यम मोब्ली यांनी १९७७ मध्ये मधल्या पायऱ्या मांडल्या: नाराजी, सोडण्याचा विचार, दुसऱ्या कामाचा शोध, तुलना, इरादा आणि शेवटी राजीनामा. बाहेर काम मिळत नसेल तर माणूस मधल्याच पायरीवर अडकतो आणि वरवर निष्ठावान दिसतो.

म्हणूनच जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये केलेली संस्थेशी असलेल्या बांधिलकीची विभागणी उपयोगी पडते: आपुलकीची, नाइलाजाची आणि कर्तव्यभावनेची. कामाची परिस्थिती सुधारली की प्रामुख्याने आपुलकी वाढते. नाइलाजाने टिकलेला माणूस नेमून दिलेले काम करतो, त्यापलीकडे सहसा जात नाही.

नुसत्या जास्त कामाने माणसे पळतात असे नाही. रॉबर्ट कॅरासेक यांच्या १९७९ च्या मांडणीनुसार बोजा जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी सर्वांत घातक. पाळीचे वेळापत्रक आयत्या वेळी बदलणे हा त्याचाच रोजचा नमुना: तास तेवढेच राहतात, ताबा मात्र जातो.

पगाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फोर्ड कंपनीचे. १९१३ मध्ये तिथली गळती, म्हणजे वर्षभरात सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण, सुमारे ३७० टक्के होती; एकेका जागेवर वर्षात सरासरी तीनचारदा माणूस बदलत होता. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर आणि ९ ऐवजी ८ तास काम जाहीर झाले, आणि गळती झपाट्याने उतरली. सरकत्या पट्ट्यावरचे कंटाळवाणे काम मात्र तसेच राहिले. आपुलकी वाढली की नाइलाज, हे या आकड्यावरून ठरत नाही.

गळतीचा दर काढताना वर्षभरात सोडून गेलेल्यांना सरासरी संख्येने भागून १०० ने गुणतात. सुरुवातीला १८०, शेवटी २२० माणसे असतील तर सरासरी २००. ३० जण गेले तर दर १५ टक्के. निवृत्त झालेले आणि काढून टाकलेले यांत मिसळले की आकडा फसवा होतो. पहिल्या वर्षातच गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवावी, कारण तिथे दोष बहुधा भरतीच्या वेळी दिलेल्या आश्वासनांत सापडतो.

जाताना घेतलेल्या मुलाखतीत ‘जास्त पगार मिळाला’ हे उत्तर वारंवार येते. ते सोयीचे असते, शिवाय पुढे शिफारसपत्र लागणार असते. खरे कारण हवे असेल तर टिकून असलेल्यांनाच विचारावे, तेही निनावी. चार-पाच जणांच्या विभागाच्या पाहणीचा निकाल स्वतंत्र दाखवला की कोण काय बोलले ते लगेच ओळखू येते, आणि पुढच्या खेपेला सगळेच ‘ठीक आहे’ लिहितात.