तुर्की सोंगं आणि फ्रेंच एचिंग

तुर्करी म्हणजे १८व्या शतकातलं फ्रेंच लोकांचं तुर्की वेड. मोठ्ठी पगडी, फरचा काठ लावलेला काफ्तान म्हणजे लांब अंगरखा, सैल सलवार, कमरेला खंजीर, असं सगळं. हे वेड लांबवर पोचलं ते छापील चित्रांमुळे, आणि त्यातली माझ्या मते सगळ्यात भारी मालिका म्हणजे फ्रेंच चित्रकार जोसेफ-मारी व्हिएँची 'सुलतानाचा मक्केला निघालेला काफिला'.

झालं असं की १७४८ च्या कार्निव्हलला रोममधल्या फ्रेंच अकादमीतल्या स्कॉलरशिपवाल्या पोरांनी तुर्की सोंगं घेऊन मिरवणूक काढली, कोणी मुफ्ती म्हणजे धर्मपंडित, कोणी पाशा म्हणजे बडा सरदार, कोणी जनानखान्यावरचा खोजा, आणि सुलताना झाली तीही पोरंच, आपल्या जुन्या नाटकातल्या स्त्री पार्टीसारखी. भारी रेशीम कुठून आणणार, म्हणून साध्याच कापडावर नक्षी रंगवली, शेवटी चित्रकारच सगळे! व्हिएँने या सोंगांची ड्रॉइंग्ज केली आणि नंतर स्वतःच एचिंग करून तीसेक प्लेट्सचा सेट काढला. आता गंमत बघा, गादीवर बसलेला एकही ऑटोमन, म्हणजे तुर्की, सुलतान कधी हजला गेलेला नाही, दरवर्षी मक्केला नजराणा रवाना करायचे तेवढंच, म्हणजे मालिकेच्या नावापासूनच सोंग सुरू.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने रेघा ओढतात आणि मग पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडतात, उघड्या पडलेल्या रेघा तेवढ्या खाल्ल्या जातात. छिन्नीने धातू कोरण्यापेक्षा हात मोकळा फिरतो, त्यामुळे फरची लव, पगडीचे पेच, कापडाच्या चुण्या चित्रकाराला स्वतःलाच झरझर काढता येतात, कोरणाऱ्या कारागिराकडे जावं लागत नाही.

पेहरावाचे नमुने हवे असले की युरोपातले चित्रकार बहुतेक वेळा फेरिओलचा अल्बम उघडायचे. शार्ल द फेरिओल हा इस्तंबूलमधला फ्रेंच राजदूत, त्याने तिथल्या व्हानमूर नावाच्या चित्रकाराकडून लोकांची चित्रं करून घेतली आणि १७१४ मध्ये पॅरिसला त्यांची १०० प्रिंट्स काढली.

त्याच्याही आधी निकोला द निकोले हा फ्रेंच प्रवासी १५५१ मध्ये इस्तंबूलला गेला होता. जनानखान्यातल्या बायका परक्या पुरुषाला दिसणं शक्यच नव्हतं, मग ओळखीच्या एका खोजाने बाजारातून उंची कपडे आणवले, दोन वेश्यांना ते घालायला लावले आणि निकोलेने त्यांचीच चित्रं काढून घेतली.